मदत हवी आहे: जपानीत ‘जावं लागेल’ आणि ‘जायला हवं’ वेगळं कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी, जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन 4 पातळीची तयारी करतेय आणि ‘केलंच पाहिजे’ या प्रकरणात अडकलेय.

साचा कळला आहे. इकु म्हणजे जाणे, त्याचं नकारार्थी इकानाइ, शेवटचा ‘इ’ काढून ‘इकानाकेरेबा नारानाइ’. म्हणजे ‘न जाऊन चालणार नाही’. आपल्याकडेही हे सर्रास म्हणतात, त्यामुळे दोन नकारांची भीती वाटत नाही.

गोंधळ आहे तो शेवटी ‘नारानाइ’ लावायचं की त्याच्या जागी ‘इकेनाइ’ (‘इकानाकेरेबा इकेनाइ’), यात. शिकवणीत सांगितलं की नियम, कायदा, सगळ्यांना लागू असलेलं कर्तव्य असेल तर नारानाइ. एखाद्यापुरतं, त्या प्रसंगापुरतं असेल तर इकेनाइ. बरं, मग डॉक्टरांनी सांगितलेलं औषध रोज घ्यायचं आहे, ते कशात बसवू? बोलताना खरंच कुणी इतका विचार करतं का? मालिकांमध्ये तर नुसतं ‘मोओ इकानाक्या’ (आता जायलाच हवं) ऐकू येतं, पुढचं सगळं गिळून टाकतात! असं तोडलेलं ‘नाक्या’ किंवा तसंच ‘नाइतो’ (‘इकानाइतो’) साहेबांसमोर चालेल का?

दुसरी अडचण आपल्या मराठीची. ‘मला जावं लागतं’ डोक्यात असल्याने हात आपोआप ‘वाताशि नि’ (मला) लिहितो, तिथे हवं ‘वाताशि वा’ (मी). पण ‘मला वेळ हवा आहे’ म्हणताना ‘वाताशि नि वा जिकान गा हित्सुयोओ दा’ बरोबर असतं. हे लक्षात ठेवायची काही युक्ती?

जपानमध्ये राहणाऱ्यांनी किंवा एन 3 च्या (एन 4 च्या वरच्या पातळीच्या) पुढे गेलेल्यांनी रोजच्या वापरातली दोन-चार वाक्यं दिली तर फार बरं होईल.