हजेरीचे पैसे आणि इमारतीचे पैसे

शाळाबांधणीचा निधी आणि हजेरीचे नियम यांचा परस्परांशी संबंध नाही, हे आपले म्हणणे कॅलिफोर्नियापुरते मला अर्धेच पटते. तेथे शाळांच्या चालू खर्चाचे अनुदान पटसंख्येवर नव्हे, तर सरासरी दैनिक हजेरीवर ठरते. मूल तापाने घरी राहिले, तरी त्या दिवसाची हजेरी धरली जात नाही. (डिसेंबरात तीन आठवडे भारतात येणाऱ्या मराठी कुटुंबांशी शाळा आधी स्वतंत्र अभ्यासाचा करार (मुलाने नेमलेला अभ्यास शाळेबाहेर पूर्ण केला तर ते दिवस हजेरीत धरण्याची सोय) का करू पाहते, ते यावरून कळावे.) २०२२ मध्ये राज्याच्या सिनेटचे सदस्य अँथनी पोर्टंटिनो यांनी पटसंख्येला महत्त्व देणारे विधेयक आणले, परंतु मूळ पद्धत टिकून राहिली.

बांधकामाचा पैसा मात्र मुख्यतः मतदारांनी मंजूर केलेल्या सरकारी कर्जरोख्यांतून येतो. मार्च २०२० मध्ये मतदारांनी १५ अब्ज डॉलरचा प्रस्ताव फेटाळला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १० अब्जांचा मंजूर केला. त्यातही राज्याचा वाटा मिळण्यासाठी शालेय जिल्ह्याला (म्हणजे त्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) स्वतःचा हिस्सा बहुधा मालमत्ता करातून फेडल्या जाणाऱ्या स्थानिक रोख्यांतूनच उभारावा लागत असल्याने, जेथे मालमत्तांचे मूल्य कमी तेथे दुरुस्ती रखडते. आणि दीर्घ गैरहजेरीही गरीब घरांतील मुलांमध्येच अधिक आढळते, म्हणजे त्याच शाळांचे अनुदानही घटते.