थकवा घालवायला काय काय घेतलं? अनुभव सांगा

वर्षभर मी रोज सकाळी एक मल्टीव्हिटॅमिन घेत होते. तरी नागपूरच्या बर्डी बाजारातून दोन पिशव्या आणल्या की दुपारभर पलंगावरून उठवत नसे. हिमोग्लोबिन 12.6 होतं, म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळलं. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायातून कधी निसटली तेही कळेना. तपासलं तर बी12 जीवनसत्त्व फक्त 132. मी शाकाहारी, त्यात सहा वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी. तिच्यामुळे बी12 कमी शोषलं जातं. माझ्या मल्टीव्हिटॅमिनमधल्या फॉलिक ॲसिडमुळे रक्त ठीक दिसत राहिलं असावं आणि नसा तिकडे झिजत होत्या, असं डॉक्टरांनी समजावलं. इंजेक्शनं घेतली, दीड महिन्यात थकवा उतरला. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे. तुम्ही काय घेतलंत, तपासून की असंच? मोकळेपणी लिहा.

धरमपेठ
माझं हिमोग्लोबिन 8.9. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची, दोन महिन्यांत काडीचा फरक नाही. चहा लोह शोषू देत नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग जेवणाआधी, संत्र्यासोबत घ्यायला लागले, चहा दोन तासांनी. तीन महिन्यांत 11.8. शौचाला काळं होतं, घाबरू नका, ते लोहामुळेच.

इंदोरा
ताई, लोहाबद्दल एक जोडतो. लहान भाऊ सारखा थकलेला, हातपाय दुखून राहिले म्हणायचा. आम्ही दुकानातून रक्तवाढीचं टॉनिक आणलं, चार बाटल्या पाजल्या. शेवटी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी केली तर सिकलसेल निघाला, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. लोह त्याला कमी नव्हतंच. आपल्या विदर्भात हा आजार कितीतरी घरांत आहे. लोह कमी आहे का हे न बघता देत बसलं तर ते शरीरात साचतं. आता फॉलिक ॲसिड आणि सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे. मे महिन्यात पाण्याची बाटली त्याला खाली ठेवू देत नाही, उन्हात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. आई अजून त्या चार बाटल्या आठवून रडते.

मिहान
रात्रपाळीत एनर्जी ड्रिंकचे तीन डबे प्यायचो. 250 मिलीच्या एका डब्यात साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन. दिवसा झोप नाही, म्हणून रात्री पुन्हा डबा. बंद केले तेव्हा तीन दिवस डोकं ठणकलं, मग झोप लागली.

मानेवाडा
मामींना ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे सांगितली होती. बरं वाटतंय म्हणून त्यांनी ती रोज सुरू केली, दोन महिने. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. कॅल्शियम वाढलेलं निघालं, चार दिवस सलाईन. आता बाबांना तीच पुडी दिली आहे. ती मी माझ्या कपाटात ठेवते, रविवारी जेवणानंतर दुधातून देते आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते.