स्नोबोर्डिंग शिकायचंय, पण खिशाला फार कात्री न लावता (टोरंटो)

मंडळी, मदत हवी आहे. टोरंटोत हा आमचा दुसरा हिवाळा. पहिला घरात हीटरला चिकटून काढला, म्हणून यंदा ऑफिसातल्या पोरांच्या नादाने दोन तासांवरच्या एका मोठ्या रिसॉर्टला गेलो. उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट, बोर्ड-बुटांचं भाडं, हेल्मेट वेगळं, लॉकर वेगळा, वर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर). २०० डॉलर उडाले आणि लिफ्टमध्ये बसलो मोजून दोनदा! बाकी वेळ पायथ्याशी बुडावर आपटत होतो. जीन्स घालून गेलो होतो (हसू नका), ती आधी ओलीचिंब, मग पत्र्यासारखी कडक. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पडायला पैसे कशाला मोजायचे?"

किजिजीवर (जुन्या वस्तूंच्या साइटवर) बोर्ड, बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवायचे पट्टे), बूट मिळून १५० ला दिसतायत. बूट एक नंबर मोठे आहेत, पण विकणारा म्हणतो दोन मोजे घाला. घेऊ का? क्लास लावू की यूट्यूबवर भागेल? आणि सीझन पास?

प्रतिसाद १:
ते बूट फुकट दिले तरी घेऊ नका. टाच आत उचलली जाते आणि मग बोर्ड ऐकत नाही. दोन मोज्यांनी पाय आवळला जाऊन उलट जास्त गारठतो. यंदा सामान भाड्यानेच घ्या.

आणि एवढ्या लांब कशाला? शहरातच, बाथर्स्ट-शेपर्ड चौकाजवळ अर्ल बेल्स पार्कमध्ये महापालिकेची टेकडी आहे. उतार लहान, पण तुम्हाला अजून थांबायलाच शिकायचंय ना! तिथे क्लासही असतात, नोंदणीवर लक्ष ठेवा. मोठ्या रिसॉर्टलाच जायचं तर नवशिक्यांचं पॅकेज विचारा. त्यात खालच्या लिफ्टचं तिकीट, सामान आणि धडा एकत्र येतो. पास राहू दे यंदा.

क्लासवर मात्र कंजुषी नको. बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर थांबणं यूट्यूबवर सोपं दिसतं, उतारावर गुडघे ऐकत नाहीत. स्नो पँट जुनी चालेल, हेल्मेट नवंच घ्या. मनगटाचे गार्डही घ्या, कारण पडताना आधी हात टेकतो आणि नवशिक्यांची मनगटंच जास्त मोडतात.

धागाकर्ता:
आभार! बूटवाल्याला नको म्हणून कळवलं, तर तो १२० वर आलाय. हात शिवशिवतायत, पण नाही. रोलरब्लेडिंगचे जुने गार्ड पडून आहेत, ते ग्लोव्हजच्या आत बसतील का?