मदत हवी आहे: क्यूआरचे ८६,४०० रुपये पेमेंट कंपनीकडे अडकलेत, आधी कोणाकडे जायचं?

मिरचीगल्ली
लालबागला मसाल्याचं दुकान आहे, एकट्याच्या मालकीचं. काउंटरवर एका पेमेंट कंपनीचा क्यूआर आणि स्पीकर. गिऱ्हाईक पैसे भरतं, स्पीकर बोलतो, पण ११ दिवस सेटलमेंट (कंपनीने जमा करायची रक्कम) बँकेत आलेलं नाही. अ‍ॅपमध्ये फक्त ‘सेटलमेंट होल्डवर’. एकूण ८६,४००. कस्टमर केअरचं एकच पालुपद, ‘रिव्ह्यू चालू आहे’. बँक खातं व्यवस्थित, चेक वटतायत. बँक, सायबर पोलीस की रिझर्व्ह बँक?

खातेवही
तिन्हीकडे आत्ता जाऊ नका. पैसे कोणी धरलेत ते आधी लेखी काढा. कंपनीने स्वतः धरले असतील तर एक रस्ता, पोलिसांच्या सांगण्यावरून धरले असतील तर दुसरा. चुकीच्या खिडकीवर महिना जातो आणि वर ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकावं लागतं.

चेक वटतायत म्हणजे बँकेने खातं गोठवलेलं नाही. पैसे कंपनीच्या टप्प्यावरच आहेत. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरला (दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपनीला) दुकानदारांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या, राखीव एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, त्यामुळे ते कंपनीच्या खर्चात जिरलेत ही भीती नको.

चॅटवर वाद घालू नका, चॅट बंद झालं की पुरावा गेला. कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा) ईमेल असतो, तिथे मर्चंट आयडी टाकून एवढंच विचारा: होल्ड कोणत्या तारखेपासून आणि किती रकमेवर? कारण केवायसी, चार्जबॅक (गिऱ्हाइकाने बँकेमार्फत परत मागितलेले पैसे) की पोलिसांची सूचना? कोणत्या व्यवहारामुळे, त्याचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) काय? पोलिसांची सूचना असेल तर तक्रारीचा अ‍ॅकनॉलेजमेंट नंबर, पोलीस ठाणं आणि राज्य कोणतं? उत्तरात तिकीट नंबर येईल, तो आणि तारीख जपून ठेवा. पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

कंपनीचा नंबर गुगलवर शोधू नका, अ‍ॅपमधलाच घ्या. स्क्रीन शेअर करायला सांगणारा ‘अधिकारी’ उरलेलेही घेऊन जातो.

पार्लेकर_७
यूपीआयला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते ना? तीही मागा.

खातेवही
इथे लागू नाही, आणि ती मागितली की मूळ तक्रार भरकटते. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं ते परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या माणसाला मिळाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत. दुकानदाराला कन्फर्मेशन आलं नाही, तर पाच दिवसांत. त्यानंतर रोज १००. इथे व्यवहार पूर्ण झालाय, अडलंय ते सेटलमेंट.

दादर_स्लो
केवायसीचं कारण निघालं तर बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो. पॅनवर मालकाचं नाव, बँक खात्यावर ‘अमुक मसाले’, गुमास्तावर (दुकान नोंदणीच्या दाखल्यावर) ‘अमुक अँड सन्स’. माणसाला कळतं, सिस्टीमला कळत नाही. लहान दुकानाला आता पूर्ण नोंदणीऐवजी सूचनेची पावती मिळते. ती, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक आणि दुकानाच्या पाटीचा फोटो एकाच पीडीएफमध्ये पाठवा. तुकड्यातुकड्यांत पाठवलं की दर वेळी रिव्ह्यू पहिल्यापासून सुरू.

उलाढाल अचानक वाढली तरी होल्ड लागतो. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून घेणाऱ्यांच्या रांगा लागतात हे कंपनीच्या संगणकाला कोण सांगणार? मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा खाते उतारा आणि मिरची खरेदीची बिलं जोडा.

मिरचीगल्ली
ईमेलला सहाव्या दिवशी उत्तर आलं. ३,२०० रुपयांचा एक व्यवहार राजस्थानातल्या सायबर तक्रारीत दाखवलाय. अ‍ॅकनॉलेजमेंट नंबर आणि ठाण्याचा ईमेल दिलाय. बाकीचे ८३,२०० ‘अंतर्गत जोखीम तपासणी’साठी. सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करू का?

किल्लाकोर्ट
१९३० फसवल्या गेलेल्या माणसासाठी आहे, तिथून होल्ड उठत नाही. बीकेसीच्या सायबर ठाण्यात जाऊनही उपयोग नाही. दुसऱ्या राज्यातल्या तक्रारीवरचा होल्ड मुंबई पोलीस काढू शकत नाहीत.

आता हे दोन वेगळे होल्ड आहेत, पत्रव्यवहारही वेगळा ठेवा.

३,२०० साठी त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला. सोबत त्या विक्रीचं बिल, यूटीआर, त्या दिवसाचा उतारा, पॅन आणि आधार (पहिले आठ अंक झाकून). मागणी एकच: माल विकून घेतलेले पैसे आहेत, तपासून ना-हरकत थेट कंपनीला सरकारी ईमेलवरून पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर कंपनी होल्ड काढणार नाही.

मिटवून टाकू म्हणून तक्रारदाराला परस्पर ३,२०० पाठवू नका. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर नोंद होत नाही, होल्ड तसाच राहतो, आणि तेच पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. ‘एनओसी काढून देतो, २० टक्के द्या’ म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका.

जप्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली असेल (१ जुलै २०२४ पूर्वीचं १०२), तर पोलिसांनी ती मॅजिस्ट्रेटला कळवायची असते. उत्तरच आलं नाही तर कलम ५०३ खाली त्या ठाण्याच्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करता येतो. पण ३,२०० साठी राजस्थानचं तिकीट आणि वकील हा व्यवहार आतबट्ट्याचा. ईमेल करत राहा.

खातेवही
८३,२०० वर जोर लावा. कंपनीला लिहा: ‘पोलिसांच्या सूचनेतली रक्कम ३,२०० आहे. ती बाजूला ठेवून उरलेली सेटल करा, अन्यथा कराराच्या कोणत्या कलमाखाली आणि किती दिवसांसाठी धरलीत ते कळवा.’ पहिल्या लेखी तक्रारीपासून ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, आणि कंपनी लोकपाल योजनेत येत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस (तक्रार नोंदणी) पोर्टलवर लोकपालाकडे. फी नाही. १४४४८ वर माहिती मिळते.

इथे तीन ठेचा लागतात. अ‍ॅपचं नाव आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं असतं, पोर्टलवर नोंदणीकृतच निवडा. तक्रार वकिलामार्फत दिली तर ती चालत नाही, स्वतः भरा. आणि पोलिसांच्या आदेशावरून केलेली कारवाई लोकपालाच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे अर्जात ३,२०० चा वाद घालू नका. होल्ड दोन असल्याचं कंपनीचं पत्र जोडा आणि मागणी ८३,२०० चीच ठेवा.

पार्लेकर_७
मधेच विचारतो. आईच्या जुन्या वॉलेटमध्ये ४,३०० आहेत, केवायसी अर्धवट. गेले का?

दादर_स्लो
नाही. वॉलेट बंद करायची विनंती द्या. पैसे जिथून भरले त्या खात्यात, किंवा केवायसी करून त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात मिळतात. तुमच्या खात्यात मागू नका, नाव जुळणार नाही.

मिरचीगल्ली
दोन्ही ईमेल गेले. तोवर काउंटरवर तोच क्यूआर ठेवू का?

किल्लाकोर्ट
काढा. रोजचं नवं कलेक्शनही त्याच होल्डमध्ये जमा होतंय. बँकेच्या शाखेतून करंट अकाउंटचा क्यूआर घ्या, पैसे थेट खात्यात येतील. जुना मर्चंट आयडी मात्र बंद करू नका. पैसे हातात येईपर्यंत लॉगिन आणि स्टेटमेंट लागणार आहे. आजच सगळ्या महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा.