घर मालकाचे, ताबा भाडेकरूचा : अतिक्रमणाचा दावा कोणी लावायचा?

प्रथमवर्ष_विधी (प्रश्न)

नमस्कार. मी विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला असून अपकृत्यांचा (म्हणजे ज्यांबद्दल भरपाईचा दिवाणी दावा लावता येतो अशा, करारभंगाव्यतिरिक्तच्या हक्कभंगांचा) कायदा आणि मालमत्तेचा कायदा हे दोन्ही विषय सध्या एकाच सत्रात शिकतो आहे. वर्गात दिलेल्या एका सराव-उदाहरणावर आठवडाभर अडलो आहे, म्हणून येथे विचारतो.

एका मालकाने आपले घर आणि त्यामागचे अंगण पाच वर्षांच्या कराराने भाड्याने दिले आहे. शेजारी स्वतःच्या बांधकामासाठी आणलेल्या विटा कोणालाही न विचारता या अंगणात रचून ठेवतो. भिंतीला धक्का लागलेला नाही, फरशी फुटलेली नाही, कोणाची वाटही अडलेली नाही. याच शेजाऱ्याच्या फळझाडाची एक फांदी कुंपणावरून अंगणात आलेली आहे. मालक शेजाऱ्यावर अतिक्रमणाचा दावा लावतो. दावा चालेल का?

जमीन मालकाची आहे, म्हणून दावा चालेल, असे मी लिहिले. सरांनी समासात लाल शाईने ‘ताबा कोणाचा?’ एवढे दोनच शब्द लिहून वही परत दिली. मालमत्तेच्या तासाला मालकी हा सर्वांत मोठा हक्क म्हणून शिकवला जातो आणि अपकृत्यांच्या तासाला तोच हक्क असलेल्या माणसाला दारातून परत पाठवले जाते, याची संगती मला लागत नाही. शिवाय ज्या कृत्याने कवडीचेही नुकसान झाले नाही, त्याला अपकृत्य तरी का म्हणायचे?

जुना_वकील

आपल्या सरांनी विचारलेले दोन शब्द हीच या प्रश्नाची किल्ली आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

जमिनीवरील अतिक्रमण हे अपकृत्य मालकीचे रक्षण करण्यासाठी घडलेलेच नाही; ते ताब्याचे रक्षण करते. पाच वर्षांचा भाडेकरार करताना मालकाने नेमके काय दिले, याचा विचार करा. त्याने केवळ राहण्याची मुभा दिली नाही, तर त्या मुदतीपुरता इतर सर्वांना, अगदी स्वतःलाही, बाहेर ठेवण्याचा अधिकार भाडेकरूच्या हाती दिला. अंगणात कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवणारा माणूस आता भाडेकरू आहे, त्यामुळे शेजाऱ्याने मोडलेला अधिकारही त्याचाच आहे. करारात राखून ठेवलेला अधिकार नसताना मालक स्वतः परवानगीवाचून आत शिरला, तर भाडेकरू त्याच्यावरही अतिक्रमणाचा दावा लावू शकतो.

मालकाकडे काय उरते? मुदत संपल्यावर जमीन परत मिळण्याचा हक्क. या हक्काला कायमची इजा पोचली, म्हणजे झाडे तोडली, भिंत पाडली किंवा पाया खणला, तर मालक ताबा नसतानाही दावा लावू शकतो. विटांचा ढीग उचलला की जागा पूर्ववत होते. पाच वर्षांनी परत येणारी जमीन तिळमात्र कमी होत नाही. इंग्लंडमधील ‘बॅक्स्टर विरुद्ध टेलर’ (१८३२) या खटल्यात वाटेचा हक्क सांगणारा माणूस घोडे आणि गाडी घेऊन भाड्याने दिलेल्या जमिनीतून गेला होता. जमीनमालकाने दावा लावला, परंतु परतीच्या हक्काला इजा झालेली नाही म्हणून तो टिकला नाही. आपले उदाहरण बहुधा यावरच बेतलेले असावे.

आता संगतीचा प्रश्न. कायदा ताब्याला एवढे महत्त्व का देतो, हे मला ज्या खटल्याने समजले तो ‘आर्मरी विरुद्ध डेलामिरी’, सन १७२२. धुराडी साफ करणाऱ्या एका मुलाला एक दागिना सापडला. तो काय किमतीचा आहे हे विचारण्यासाठी मुलगा सोनाराच्या दुकानात गेला आणि तेथील शिकाऊ उमेदवाराच्या हाती त्याने तो दिला. उमेदवाराने वजन करण्याच्या निमित्ताने कोंदणातले खडे काढून घेतले. सोनाराने मुलापुढे किरकोळ पैसे ठेवले. मुलाने ते नाकारले आणि आपली वस्तू परत मागितली, तेव्हा त्याच्या हातावर नुसते रिकामे कोंदण टेकवण्यात आले. मुलगा दागिन्याचा मालक नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही न्यायालयाने सांगितले की, सापडलेल्या वस्तूवर शोधणाऱ्याचा हक्क खऱ्या मालकाखेरीज सगळ्या जगाविरुद्ध चालतो. सोनार खरा मालक नव्हता, त्यामुळे ‘वस्तू तुझी नाहीच’ हा बचाव त्याच्या तोंडी शोभणारा नव्हता. खडे हजर केले नाहीत, तर त्या कोंदणात बसतील अशा उत्तमातल्या उत्तम खड्यांची किंमत धरून भरपाई ठरवावी, असेही न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले.

यातून मालमत्तेच्या कायद्यातील एक मूलभूत गोष्ट दिसते. जगातल्या प्रत्येकाविरुद्ध सिद्ध करून दाखवावी लागेल अशी निरपेक्ष मालकी न्यायालयापुढे क्वचितच येते. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी कोणाचा हक्क सरस, एवढेच तेथे ठरते. ताबा हा त्या तुलनेतला पहिला आणि पुष्कळदा पुरेसा पुरावा असतो. त्यामुळे आपण म्हणता तसे हे दोन विषय एकमेकांना छेद देत नाहीत.

एक अनुभव सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या एका पक्षकाराने, जो जागेचा मालक होता, अशाच प्रसंगी स्वतःच्या नावाने दावा लावण्याचा आग्रह धरला आणि मी तो मानला. भाडेकरूला मी वादी केले नाही. सामान अंगणात ठेवलेले होते, छायाचित्रे होती, साक्षीदार होते. तरी युक्तिवादाचा सगळा वेळ दावा लावण्याचा अधिकार कोणाला, यातच गेला आणि अखेरीस भाडेकरूच्या नावाने नव्याने सुरुवात करावी लागली. तेव्हापासून दाव्याचा मसुदा हाती घेण्याआधी मी पक्षकाराला पहिल्यांदा विचारतो, की कुलपाची किल्ली कोणाकडे आहे.

अध्यापिका_अपकृत्ये

वकीलसाहेबांनी ताब्याचा भाग नेमका मांडला आहे. मी ‘नुकसानच नाही तर अपकृत्य कसले’ या शंकेपुरते आणि फांदीपुरते लिहिते.

अपकृत्यात इजा आणि नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इजा म्हणजे कायद्याने दिलेल्या हक्काचा भंग; नुकसान म्हणजे पैशाची, शरीराची अथवा वस्तूची हानी. या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात असे नाही. ‘ॲशबी विरुद्ध व्हाइट’ (१७०३) या खटल्यात मतदाराला मत देऊ दिले गेले नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला होता, म्हणजे मतदाराचे काहीच बिघडले नव्हते, पण हक्क मोडला म्हणून भरपाई मिळाली. उलट बाजूला १४१० सालचा ग्लॉस्टरच्या शाळेचा खटला आहे. जुन्या शाळेच्या शेजारी एका शिक्षकाने नवी शाळा काढली आणि जुन्या शिक्षकांना एका मुलामागे तिमाहीला ४० पेन्स मिळत असत ते १२ पेन्सवर आले. नुकसान ढळढळीत होते. परंतु स्पर्धा होऊ नये असा हक्क कोणालाच नसल्यामुळे दावा चालला नाही. अतिक्रमण पहिल्या प्रकारात मोडते. आपल्या जागेत कोणी यावे हे ठरवण्याचा हक्कच मोडला जातो, म्हणून नुकसान सिद्ध करण्याची आवश्यकता नसते; ते नसेल तर भरपाई नाममात्र मिळते, इतकेच. निष्काळजीपणाच्या दाव्यात मात्र प्रत्यक्ष नुकसान दाखवल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

फांदीचा प्रश्न मला विटांपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो. विद्यार्थी सर्रास लिहितात की हद्द ओलांडली म्हणजे अतिक्रमण झाले. ते पुरेसे नाही. हद्द कशी ओलांडली गेली तेही पाहावे लागते. अतिक्रमण प्रत्यक्ष कृतीने घडते. जुन्या न्यायाधीशांनी यासाठी ओंडक्याचे उदाहरण दिले आहे : रस्त्यावर फेकलेला ओंडका फेकताक्षणी एखाद्याला लागला तर ते अतिक्रमणाच्या जातीचे कृत्य, तोच ओंडका रस्त्यात पडून राहिला आणि नंतर कोणी त्याला अडखळला, तर परिणाम अप्रत्यक्ष, आणि दाव्याचा प्रकारही निराळा. विटा शेजाऱ्याने हाताने आणून रचल्या. फांदी त्याने ढकलून आत घातली नाही. ती वाढत वाढत आली. म्हणून फांद्या आणि मुळे यांचा विचार उपद्रव या अपकृत्याखाली होतो, आणि तेथे नुकसान किंवा जागेच्या उपभोगात आलेली खरीखुरी बाधा दाखवावी लागते.

याच्या शेजारी ‘केल्सन’ खटला (१९५७) ठेवून वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एका कंपनीने लावलेला जाहिरातीचा फलक शेजारच्या एकमजली दुकानाच्या वरच्या हवेत काही इंच आला होता. त्याने कोणाचे काही अडले नव्हते, तरीही न्यायालयाने ते अतिक्रमण मानून फलक काढण्याचा हुकूम दिला. फलक माणसाने तेथे बसवला होता, हा फांदीपासूनचा फरक. आणि दावा लावणारा केल्सन हा त्या दुकानाचा भाडेकरू होता. आपला मूळ प्रश्न येथेही आहेच.

फांदी छाटण्याबद्दल ‘लेमन विरुद्ध वेब’ (१८९५) पाहावा. झाडाच्या मालकाच्या जमिनीत पाय न ठेवता आपल्या हद्दीतली फांदी पूर्वसूचनेशिवायही छाटता येते, आणि फांदी वर्षानुवर्षे तशीच राहिली म्हणून तिला तेथे राहण्याचा वहिवाटीचा हक्क मिळत नाही. मात्र छाटलेली फांदी आणि तिच्यावरची फळे झाडाच्या मालकाचीच राहतात. ‘मिल्स विरुद्ध ब्रूकर’ (१९१९) मध्ये शेजाऱ्याने अशी सफरचंदे काढून विकली, तेव्हा त्याला त्यांची किंमत भरावी लागली.

प्रथमवर्ष_विधी

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन शंका उरल्या. ताबा एवढा महत्त्वाचा असेल तर चोराचा ताबाही कायदा राखतो का? आणि त्या घरात भाडेकरूची पत्नी व मुले राहत असतील, करार मात्र एकट्या भाडेकरूच्या नावावर असेल, तर त्यांनाही दावा लावता येईल का?

तिसरे_सत्र

पहिल्या शंकेवर ‘कॉस्टेलो’ खटला (२००१) आहे. पोलिसांनी चोरीची असल्याच्या संशयावरून एक मोटार जप्त केली. तपासापुरते ती ठेवण्याचा कायदेशीर अधिकार संपला, खरा मालक पुढे आला नाही, तरीही त्यांनी ती परत केली नाही. ज्याच्याकडून मोटार घेतली होती त्याला ती चोरीची असल्याचे ठाऊक होते, असे गृहीत धरूनही अपील न्यायालयाने ती त्याला परत देण्यास सांगितले. निकाल वाचताना मन लगेच तयार होत नाही, हे मी कबूल करतो. पण विचार केला की पटते : असे संरक्षण नसेल, तर ‘तुझी मालकी आधी सिद्ध कर’ एवढे म्हणून कोणीही कोणाच्याही हातातली वस्तू हिसकावून घेऊ शकेल. खऱ्या मालकाचा हक्क अबाधितच असतो; तो आला की चोराचा ताबा त्याच्यापुढे टिकत नाही.

दुसऱ्या शंकेसाठी ‘हंटर विरुद्ध कॅनरी व्हार्फ’ (१९९७). हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने) तेथे ठरवले की खाजगी उपद्रवाचा दावा जमिनीत हक्क किंवा अनन्य ताबा असणाऱ्यालाच लावता येतो. केवळ त्या घरात राहणे पुरेसे नाही. त्यामुळे फांदीच्या बाबतीत पत्नी आणि मुलांना स्वतःच्या नावाने दावा लावता येणार नाही. फांदी अंगावर पडून कोणाला दुखापत झाली, तर निष्काळजीपणाचा मार्ग त्यांना मोकळा आहे, कारण तो दावा जमिनीवर अवलंबून नसतो.

प्रथमवर्ष_विधी

मग मी उत्तर असे लिहितो : विटांबाबत अतिक्रमण झाले आहे, परंतु दावा लावण्याचा अधिकार भाडेकरूचा आहे, मालकाच्या परतीच्या हक्काला कायमची इजा नसल्याने त्याचा दावा चालणार नाही. फांदीबाबत अतिक्रमण नसून फार तर उपद्रव आहे, आणि तोही बाधा सिद्ध झाली तर. नुकसान नसल्यामुळे भाडेकरूला नाममात्र भरपाई मिळेल व प्रकरण तेथे संपेल.

अध्यापिका_अपकृत्ये

उत्तर चांगले उतरले आहे. शेवटचे वाक्य तेवढे बदला. विटा अंगणात असेपर्यंत अतिक्रमण चालूच आहे, एकदा भरपाई दिल्याने ते संपत नाही. ‘होम्स विरुद्ध विल्सन’ (१८३९) मध्ये रस्त्याच्या विश्वस्तांनी वादीच्या जमिनीत टेकूच्या भिंती उभ्या केल्या होत्या. त्यांनी एकदा भरपाई भरली आणि भिंती तशाच ठेवल्या. त्यावर वादीने दुसरा दावा लावला आणि तोही चालला. म्हणून भाडेकरूने नाममात्र भरपाईबरोबर विटा हलवण्याचा हुकूमही मागावा, असे लिहा.