मदत हवी आहे : थीम पार्कमध्ये मुलीच्या वाढदिवसाचा खजिना शोध कसा आखावा?

गोरेगाव पूर्व
नमस्कार. मुलीच्या वाढदिवसाला आम्ही मुलांना थीम पार्कमध्ये नेणार आहोत आणि तिथे तिला खजिना शोधाचा खेळ हवा आहे. सोसायटीच्या आवारात असा खेळ मी दोनदा घेतला आहे. चिठ्ठ्या कुंडीखाली, जिन्याच्या कठड्यामागे, पत्रपेटीत ठेवल्या की काम होत असे. पार्कमध्ये त्या कुठे लपवाव्यात, किती लपवाव्यात आणि मुलांच्या आधी जाऊन कोणी लपवाव्यात, एवढेच मला विचारायचे आहे. तीन दिवस कागदावर आखणी करते आहे आणि ती प्रत्येक वेळी अर्ध्यावर अडते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया नेमके सांगावे, कारण दिवस थोडे उरले आहेत.

दोन मुलांची आई
पार्क कोणते, मुले किती, त्यांची वये काय आणि तारीख कोणती, हे कळल्याशिवाय नेमके कसे सांगणार? गोराईचे वॉटर किंगडम असेल तर कागदी चिठ्ठ्यांचा विचारच सोडावा लागेल. खालापूरचे इमॅजिका असेल तर प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे मुलांचा बराच वेळ चालण्यात आणि रांगेत जातो.

चिंचपोकळीकर
माझे ऐकाल तर एवढ्या लांब जाऊच नका. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी पुतण्याच्या वाढदिवसाला हाच खेळ घेतला होता. प्रत्येक प्राण्याच्या आणि जुन्या झाडाच्या पाटीवर माहिती असते, त्यामुळे कोडी आपोआप सुचतात, आणि शेवटचे कोडे पेंग्विनपाशी संपवता येते. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते.

गोरेगाव पूर्व
राणीच्या बागेबद्दल आभार, पण मी ते विचारले नव्हते. इमॅजिकाची तिकिटे काढून झाली आहेत, जुलैच्या पहिल्या रविवारी जायचे आहे आणि बसही ठरली आहे. चिठ्ठ्या कुठे लपवायच्या, एवढे कोणी सांगेल का?

रायगडवासी
मी खोपोलीजवळ राहतो आणि पाहुण्यांना घेऊन या पार्कात वरचेवर जातो, म्हणून स्पष्टच लिहितो : चिठ्ठ्या कुठेही लपवू नका. रविवारी तिथे हजारो अनोळखी माणसे फिरत असतात, सफाई कर्मचारी सतत झाडत असतात आणि बाकाखाली खोचलेले पाकीट तुमच्या मुलांच्या हाती लागण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागेल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना मुंबईकर रोज लोकलच्या फलाटावर ऐकतो आणि इथे आपणच मुलांना बेवारस पाकिटे शोधायला पाठवणार, हे योग्य नाही. शिवाय जुलैचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे धो धो पाऊस. शाईने लिहिलेले अक्षर पहिल्याच सरीत फुटेल.

दोन मुलांची आई
रायगडवासी म्हणतात ते मी अनुभवले आहे. एका मॉलमध्ये मी कुंड्यांच्या मागे सहा पाकिटे ठेवली होती. तिथल्या सुरक्षारक्षकाने ती उचलली, मला बाजूला बोलावले आणि मुलांसमोर अर्धा तास चौकशी झाली. त्याचे काहीच चुकले नव्हते, पण माझा मुलगा रडवेला झाला आणि त्या दिवशी खेळ तिथेच थांबला. तेव्हापासून मी वस्तू लपवत नाही. जे जागेवर पक्के आहे, म्हणजे पुतळा, पाटी, कमान, कारंजे, त्यावर कोडे रचते. मुलांनी ती जागा ओळखली की पुढचे पाकीट सोबतचा मोठा माणूस आपल्या पिशवीतून काढून देतो. तुम्ही मुलांचे वय अजून सांगितलेले नाही.

होकायंत्र
चिठ्ठ्यांची गरजच काय? मोबाईलवर जीपीएसचे बिंदू द्यावेत आणि मुलांनी त्या बिंदूपर्यंत पोहोचावे. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या जंगलात एकाने वस्तूंची बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जगभर खेळला जाणारा जिओकॅशिंगचा खेळ तिथूनच सुरू झाला. मी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मुलांना असाच शोध घ्यायला लावतो आणि नकाशा वाचणे ती त्यातूनच शिकतात.

दोन मुलांची आई
किल्ल्यावर हे उत्तम, पण थीम पार्कमध्ये मला ते पटत नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा बिंदू सुमारे ५ मीटर इकडेतिकडे होतो आणि मोठ्या छपराखाली तर तो भलतीकडेच दाखवतो. पाच मीटरमध्ये तिथे दोन दुकाने आणि एक रांग मावते. शिवाय मान खाली घालून फोन बघत गर्दीत चालणारे मूल हरवायला वेळ लागत नाही. ज्या जागेसाठी इतके पैसे मोजले, ती जागा मुलांनी मान वर करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

होकायंत्र
फोन मोठ्यांच्या हाती ठेवता येईल. तरी पावसाचा आणि छपरांचा मुद्दा मला मान्य आहे.

गणित शिक्षक
माझी सूचना अशी आहे की प्रत्येक कोड्याच्या उत्तरातून एक अंक मिळावा आणि शेवटी आकड्यांच्या कुलपाची पेटी उघडावी. पाटीवरचे साल, कमानीखालचे खांब, घोड्यांची संख्या, असे मोजायला लावले की मुले निरीक्षण करतात. मात्र तीन आकडी कुलूप घेतले तर पेटी आधीच मुलांच्या हाती देऊ नये. त्याच्या फक्त १,००० जोड्या असतात आणि एका जोडीला दोन सेकंद धरले तरी सगळ्या जोड्या साधारण ३३ मिनिटांत तपासून होतात. राईडच्या रांगेत मुलांकडे तेवढा वेळ नक्कीच असतो.

रायगडवासी
पेटी, कुलूप आणि छत्र्या सांभाळत पावसात फिरणे सोपे नाही. शिवाय मोजायला लावताना सांभाळून. सणासुदीची सजावट बदलते आणि एखादा भाग दुरुस्तीसाठी झाकलेला असतो, त्यामुळे अंक चुकला तर शेवटी कुलूपच उघडणार नाही. जागा ओळखणे हेच उत्तर असेल तर असा घोळ होत नाही.

गोरेगाव पूर्व
आता थोडे उमगू लागले आहे. मुलीला नऊ वर्षे पूर्ण होतील. एकूण अकरा मुले आहेत; बहुतेक तिच्या वर्गातली आहेत, पण त्यात माझ्या नणंदेचा पाच वर्षांचा मुलगाही आहे. मोठी माणसे चार : आम्ही दोघे, नणंद आणि सासूबाई. सर्व कोडी सासूबाईच रचणार आहेत, कारण आमच्याकडे हातात पडेल त्या वस्तूवर कोडे घालण्याची त्यांना हौस आहे आणि नातीसाठी हे करता येणार म्हणून त्या फार आनंदात आहेत. पार्क मी एकदाच पाहिले आहे, तेही मुलगी लहान असताना. आता पुन्हा जाऊन येणे शक्य नाही.

दोन मुलांची आई
पाच वर्षांचा मुलगा आहे हे तुम्ही आधी सांगायला हवे होते, कारण सगळी आखणी त्याच्याभोवती फिरते. बऱ्याच राईडना उंचीची अट असते आणि ती दाराशीच लिहिलेली असते. एखादे कोडे नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसल्याशिवाय सुटत नसेल, तर तो मुलगा बाहेर राहील, आणि वर्गातली दोन-तीन बुटकी मुलेही बाहेर राहतील. म्हणून कोड्याचे उत्तर नेहमी राईडच्या बाहेरून दिसणारे असावे. राईडमध्ये बसणे वेगळे आणि शोध वेगळा, असे ठेवले तर कोणीच मागे पडत नाही.

चिंचपोकळीकर
कोडी मराठीत असणार का? आजकाल बरीच मुले इंग्रजी शाळेत जातात आणि मराठी वाचताना अडखळतात. अशा मुलाला सगळ्यांसमोर वाचायला लावले तर ते संकोचते. इंग्रजीत कोडी द्यावीत.

दोन मुलांची आई
इंग्रजीत देण्याचे कारण मला दिसत नाही. कोडे ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे. आपल्यापैकी कितीजणांनी उखाणे आणि कोडी पुस्तकातून शिकली? आजीने कोडे मोठ्याने म्हणावे आणि मुलांनी ऐकून सोडवावे. वाचणे, न वाचणे हा प्रश्नच मग उरत नाही आणि जे मूल घरी मराठी फारसे बोलत नाही, त्यालाही बरोबरीच्या मुलांकडून अर्थ कळतो.

चिंचपोकळीकर
ऐकवण्याचा विचार मला सुचला नव्हता. तो चांगला आहे.

गणित शिक्षक
अकरा मुलांचे दोन गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसे ठेवावीत आणि जो गट आधी पोहोचेल त्याला बक्षीस द्यावे. स्पर्धेशिवाय मुले मनापासून खेळत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

रायगडवासी
ओल्या फरशीवर आधी पोहोचण्याची शर्यत लावू नये, ही हात जोडून विनंती. मुले धावणार आणि घसरणार. शिवाय वाढदिवस जिचा आहे तिचा गट हरला, तर त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये काय होईल याचाही विचार करावा.

गणित शिक्षक
धावण्याचा धोका मी लक्षात घेतला नव्हता. मग असे करता येईल की दोन्ही गटांना अर्धे-अर्धे उत्तर मिळावे आणि दोघे एकत्र आल्याशिवाय ते पूर्ण होऊ नये.

दोन मुलांची आई
हेच लिहायला आले होते. अंकांऐवजी अक्षरे द्यावीत. खजिना जिथे आहे त्या जागेच्या नावाची अक्षरे सुटी करावीत, आणि कोडे सुटले की पाकिटातून एक अक्षर मिळावे. आणि खजिना कुठे ठेवायचा, तर कुठेच ठेवायचा नाही. तो दिवसभर मुलांच्या बरोबर चालता ठेवायचा. सासूबाई बरोबर आहेत, त्यांच्या खांद्याला पिशवी असणार, तर शेवटचे उत्तर ‘आजीची पिशवी’ असू द्या. आ, जी, ची, पि, श, वी, अशी बरोबर सहा अक्षरे होतात. एका गटाला आ, ची, श मिळावीत आणि दुसऱ्याला जी, पि, वी. तीन अक्षरांवरून कोणालाही अंदाज बांधता येणार नाही. पण जेवणाच्या वेळी सहाही पाकिटे टेबलावर मांडली, की ज्या पिशवीतून त्यांनी सकाळपासून दहा वेळा रुमाल मागून घेतला, तिच्यातच खजिना होता हे त्यांना कळेल. मात्र मग आजींना एका गटाबरोबर बांधून ठेवता येणार नाही, आणि त्यांचे चालणेही कमी झालेले बरे. त्यांनी मधोमध एका ठिकाणी बसावे आणि दोन्ही गटांनी कोडे ऐकायला आळीपाळीने त्यांच्याकडे यावे.

गोरेगाव पूर्व
हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी लगेच पिशवी बदलायची ठरवली, कारण त्यांच्या नेहमीच्या पिशवीचा बंद जीर्ण झाला आहे. खजिना म्हणून अकरा छोटी गोष्टींची पुस्तके घेतली आहेत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून खाऊ त्यात ठेवलेला नाही. आता फक्त पाऊस फार झाला तर काय करायचे, हा प्रश्न उरला आहे.

रायगडवासी
जोराच्या पावसात उघड्यावरच्या राईड काही काळ थांबवतात. त्या वेळी मुले आडोशाला कंटाळून बसतात, तेव्हाच आजींनी कोडी म्हणावीत. म्हणजे थांबलेला वेळ वाया जाणार नाही. त्यासाठी सहापैकी तीन कोडी तरी छपराखालच्या जागांची ठेवा. पाकिटावरचे अक्षर शाईऐवजी पेन्सिलीने लिहा. ते पाण्याने फुटत नाही. लॅमिनेशन करण्यापेक्षा हे साधे आणि स्वस्त आहे. आणखी एक, प्रत्येक मुलाच्या मनगटावर तुमचा फोन क्रमांक लिहा आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ते बसमधून उतरण्यापूर्वीच सांगा.

होकायंत्र
पार्कचा नकाशा प्रवेशापाशी पाहायला मिळतो. तो प्रत्येक गटातल्या एका मुलाला वाचायला द्यावा. यात फोन नाही, त्यामुळे कोणाची हरकत नसावी.

दोन मुलांची आई
या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आजींनी काय कोडी रचली आहेत, ती एकदा इथे दाखवाल का? जागेचे नाव कोड्यातच आले तर मजा जाते.

गोरेगाव पूर्व
दोन देते. पहिले मॅजिक कॅरोसेलचे, म्हणजे घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या चक्राचे आहे :
टापा नाहीत, धूळ नाही, तरी घोडे धावतात;
दिवसभर धावून शेवटी तिथल्या तिथे राहतात.
दुसरे राजासॉरस या राईडचे :
राजा म्हणती मला सारे, राज्य मात्र ठाऊक नाही;
नर्मदेच्या खोऱ्यात हाडे, जिवंत कुणी पाहिला नाही.

गणित शिक्षक
पहिले फार सुंदर आहे, त्याला हात लावू नका. दुसऱ्यातली माहितीही बरोबर आहे. राजासॉरस हा खरोखर भारतातला डायनासोर असून २००३ साली त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात नर्मदाच आहे. पण तिथल्या पाटीवर ‘राजा’ हीच अक्षरे पहिली दिसणार आणि कोड्याचा पहिला शब्दही ‘राजा’. मुले दुसरी ओळ ऐकायला थांबणारच नाहीत आणि नर्मदेची गंमत त्यांच्या कानावर पडायची राहून जाईल.

गोरेगाव पूर्व
अगदी बरोबर. सासूबाईंनी आत्ताच चहा घेता घेता ते बदलून दिले :
मुकुटधाऱ्याचे नाव मला, राज्य मात्र ठाऊक नाही;
नर्मदेच्या खोऱ्यात हाडे, जिवंत कुणी पाहिला नाही.
या कोड्याच्या पाकिटावर पेन्सिलीने ‘श’ लिहून ठेवला आहे. बाकीची चार आज रात्री मुलगी झोपल्यावर पूर्ण करतो.