एकाच घरातील दोन मजुऱ्या: फरक दराचा की कामाच्या वाटणीचा?

प्रश्न
सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत पुरुष यंत्रमागावर जातो आणि बाई घरीच विड्या वळते किंवा टॉवेलच्या कडा शिवते. दोघांनाही झालेल्या कामावर मजुरी मिळते, तरी बाईची कमाई बरीच कमी राहते. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून असताना हे कसे चालते?

उत्तर १
तो कायदा समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाचीच तुलना करत असे, आणि त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही चौकट तीच आहे. माग चालवणारे बहुतेक पुरुष असतात. कांड्या भरणे (मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळणे), शिलाई, घडी घालणे ही कामे बायकांकडे येतात. एकाच कामावर दोघे नसतील, तर तुलना कोणाची कोणाशी करणार?

उत्तर २
माझी आई विड्या वळते, म्हणून दराच्या आत दडलेली गोष्ट सांगते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. मात्र पाने भिजवणे, ती कापणे, माल पोहोचवण्यासाठी रांगेत थांबणे आणि छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांवर गेलेली मेहनत यांचा वेगळा मोबदला नसतो. पाने कमी पडली तर ती पदरच्या पैशाने आणावी लागतात. शिवाय स्वयंपाक आणि मुले सांभाळूनच हे काम होते, त्यामुळे घरातही त्याला ‘फावल्या वेळेचे’ समजतात, आणि ते मला फार खुपते.

उत्तर ३
वरील म्हणणे मान्य आहे, पण विडी आणि शिलाई यांना एका मापाने मोजू नये. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा झाला आणि घरी विडी वळणाऱ्यांनाही भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे विडी कामगार स्त्रियांना मिळाली, त्यामागे दीर्घ लढा होता आणि ‘कामगार’ म्हणून त्यांची नोंदही होती. टॉवेल शिवणारीला माल मध्यस्थाकडून मिळतो. मूळ मालक कोण, हे कागदावर कोठेच नसते. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर तिचे नाव चढू शकते, परंतु त्या नोंदीने मालकावर जबाबदारी येत नाही. म्हणून या फरकाचा अभ्यास करताना मजुरीच्या आधी माल कोण देतो आणि हिशेबाची वही कोणाकडे असते, हे विचारावे.